चुलीखालचे वाळे

मी चौथीपर्यंत शिकलोय. तरी लोखंडाला पाणी काय करतं हे मला कुणी सांगायचं कारण नाही. तीस वर्षं डिंभ्याच्या धरणाकाठी मोटारी बसवल्या, काढल्या, पाइप जोडले. पाण्यात राहिलेला नट पान्याला दाद देत नाही. छिन्नी लावून फोडावा लागतो, आणि फोडताना बोटांची सालं जातात ती वेगळीच. त्यामुळं माझं एक मत पक्कं झालं होतं. धातू पाण्यात गेला म्हणजे मेला.

ह्या मतापायी मी माझ्या बायकोला एका गोष्टीसाठी तीस वर्षं गप्प बसवलं. यंदाच्या उन्हाळ्यात कळलं, की माझं मत साफ चुकीचं होतं. आपलं चुकलं म्हणून माणसाला एवढा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं. तो आनंद पोटात मावेना म्हणून हे लिहायला बसलोय. लेकीनं वही आणून दिली आहे. माझं अक्षर तिचं ती लावून घेईल.

गोष्ट मुळापासून सांगतो. आमचं जुनं गाव आता धरणाच्या पोटात आहे. त्या गावात असताना आम्हाला पहिली मुलगी झाली आणि तीन महिन्यांची होऊन गेली. तिच्या पायात चांदीचे वाळे होते, माझ्या सासूनं घातलेले, माझ्या अंगठ्यात जेमतेम बसतील एवढे. बायकोच्या माहेरी एक रीत होती. तान्हं लेकरू गेलं तर त्याच्या अंगावरचं घरातल्या चुलीच्या बुडाशी पुरायचं. का, तर त्याला ऊब राहते. मला असलं काही पटत नव्हतं, पण त्या वेळी तिचं तोंड बघून मी खड्डा घ्यायला बसलो.

ती म्हणाली, "तांब्यात ठेवू. माझ्या बापानं दिलाय त्यो."

मी म्हणालो, "आन् पाणी कशानं पिऊ? मेलेल्याला तांबं कशाला लागतंय?"

असं बोललो मी. लपवत नाही. चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा घरात होता, झाकणावर पोपटाचं चित्र असलेला. त्यात वाळे टाकले, झाकण बसेना तर हातोडीनं चारपाच ठोके घातले, आणि डबा चुलीखाली हातभर खोल पुरला. मी रानात गेलो, ती चूल सारवायला बसली.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी तो तांब्या तिनं हरवला. ओढ्यावर घासायला नेला आणि वाहून गेला म्हणाली. ओढ्याला पाणी घोट्याएवढं आणि तांब्या चांगला शेरभर वजनाचा! मी हसावं का रडावं! तेव्हापासून मला बोलायला एक साधनच मिळालं. पाहुणे आले आणि तिनं स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं की मी म्हणायचो, "तांब्यातून दिलं असतं, पण आमचा तांब्या गेलाय पोहत पुण्याला." सगळे हसायचे. तीही पदराआड हसायची. हा विनोद मी सोयरिकीत केला, पुढं आम्हाला दुसरी मुलगी झाली तिच्या लग्नात केला, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला सांगितला.

मग धरण भरायला लागलं. घराची लाकडं, कौलं उतरवून वर डोंगराच्या अंगाला, तळेघरच्या रस्त्याकडं न्यायची होती. बायको रोज म्हणायची, "अवं, चूल उकरा की." मी म्हणायचो, "उद्या उकरू. आदी वासं काढू दे." वासे निघाले, तुळया निघाल्या, दाराची चौकट निघाली. आणि एका सकाळी खाली गेलो तर अंगणात पाणी आणि चुलीवर बेडूक.

नव्या घरी ती मधूनमधून विषय काढायची. उन्हाळ्यात धरण आटलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात, लोक बघायला जातात. ती म्हणायची, जाऊ या का. मी म्हणायचो, "काय बगायचं? गंजून माती झाली आसंल." एकदा मी अंगणात बसून पाइपाचा फ्लँज, म्हणजे जोडाची लोखंडी चकती, खोलत होतो. सगळा खाऊन गेलेला, हातात पापडासारखा मोडत होता. ती शेजारी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चांदी बी अशी व्हती का?"

"सगळं व्हतंय."

"तांबं बी?"

"तांबं बी. हिरवं पडतंय, भोकं पडत्यात. पानी कुनाला सोडतंय व्हय?"

तिनं परत कधी विचारलं नाही. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. जायच्या दोन दिवस आधी मात्र म्हणाली, "ते वाळे तेवढे पाण्यात राहिले." एवढंच. मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता लेकीचं सांगतो. आमची दुसरी मुलगी येडगावच्या बाजूच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आई गेल्यापासून सुटीत माझ्याकडं येऊन राहते, कारण मी एकटा जेवत नाही असं तिला कुणीतरी सांगितलंय. मे महिन्यात ती पुढच्या वर्षाच्या धड्यांची टाचणं काढत पडवीत बसली होती आणि मी मोटारीचा एक पंखा घासत होतो. ती आपली मोठ्यानं वाचत होती, कुठला धातू पाण्याशी कसा वागतो. सोडियम म्हणून एक धातू आहे म्हणे. तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. हरभऱ्याएवढा तुकडा थंड पाण्यात टाकला की फुसफुसत पाण्यावर पळत सुटतो, कधी पेटसुद्धा घेतो.

मी पंखा खाली ठेवला. "धातू? पाण्यावर तरंगतो? आन् पाण्यानं पेटतो?"

"हो दादा. चाकूनं कापता येतो, लोण्यासारखा."

"मला येडा समजती का तू?"

"शाळेत या, दाखवते. पण लांब उभं राहायचं."

मला गंमत वाटायला लागली. म्हटलं, पुढचं वाच. मॅग्नेशियम थंड पाण्याला भीक घालत नाही, पाणी गरम पाहिजे. आणि अॅल्युमिनियम, जस्त, लोखंड ह्यांना थंड काय नि गरम काय, पाणी नुसतं चालतच नाही. त्यांना वाफ पाहिजे. लाल तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की त्यावर काळा थर धरतो.

हे मात्र मी पाहिलं होतं! जुन्या गावात लोहार नांगराचा फाळ तापवून पाण्याच्या डोणीत बुडवायचा, चर्रर्र करून वाफ उठायची आणि फाळावर काळी कातडी यायची. मी उठून उभाच राहिलो. "आगं बरूबर हाये! पण थंड पाणी लोखंडाला कायच करत न्हाई म्हणती ते खोटं. ह्या हातानं गंज खरवडलाय मी."

"गंजायला एकटं पाणी पुरत नाही, दादा. हवा पण लागते. दोन्ही मिळून खातात लोखंडाला."

"आन् चांदी?"

ती वहीत बघत सहज बोलून गेली, "तांबं, चांदी, सोनं ह्यांना काहीच होत नाही. ना पाण्यानं, ना वाफेनं. उकळा नाहीतर शंभर वर्षं बुडवून ठेवा."

मी म्हणालो, "परत वाच."

तिनं परत वाचलं. मग तिनं मान वर केली आणि तिलाही कळलं मी काय विचारतोय. वाळ्यांची गोष्ट तिला आईनंच सांगितली होती. तिच्याच थोरल्या बहिणीचे ते.

"डबा पत्र्याचा व्हता," मी म्हणालो. "डबा गेला आसंल. पण आतले वाळे?"

"वाळे असतील दादा! काळे पडले असतील, पण असतील!"

माझं वय बहात्तर. पायाला कुरूप झालेलं. पण मी त्या क्षणी कुदळ हातात घेतली. ती म्हणाली, ऊन उतरू द्या. मी म्हणालो, तीस वर्षं उद्या-उद्याच केलं मी.

गावापर्यंत दोन तासांची उतरण. खाली धरणाचा गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या, भेगांत पाय जाईल एवढ्या. माझं घर कुठलं हे मी देवळाच्या ओट्यावरून पावलं मोजून काढलं. जोतं होतं, जोत्यात जात्याचा खालचा दगड होता. दगड बघितल्यावर मी जरा बसलो. बायकोची बसायची जागा त्या दगडाच्या डावीकडं.

पण लेक मला बसू देईना. तिला काहीबाही सापडायला लागलं होतं आणि ती शाळेतल्यासारखी ओरडायला लागली. "दादा, हे बघा!" खिडकीचा गज होता, दगडी भिंतीत बसलेला. वरचा भाग, जिथं पाणी दर वर्षी चढतं-उतरतं, तिथं खाऊन काडीसारखा झालेला. आणि खाली गाळात रुतलेला तोच गज बोटाएवढा जाड, काळा, धडधाकट! "खाली हवा पोचली नाही. कळलं का?" कळलं म्हणजे? माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या फुटव्हॉल्व्हची, पाइपाच्या बुडाला बसवतात त्या झडपांची, रांग उभी राहिली. म्हणूनच धरणात कायम बुडालेला तुकडा बरा निघायचा आणि काठावरचा आधी जायचा! तीस वर्षं मी ते हातानं बघितलं आणि डोक्यानं बघितलं नाही.

मग एक जर्मनची थाळी मिळाली, म्हणजे अॅल्युमिनियमची, आमच्याकडं त्याला जर्मनच म्हणतात. तिच्यावर पांढरी पूड आणि टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. मग पितळेची एक कडी, हिरवीगार, पण घासली तर आत पिवळी. आम्ही दोघं पोरांसारखं एकमेकांना दाखवत होतो.

काठावर एक मासेवाला जाळं वाळवत होता, आमच्याच जुन्या गावातला, माझ्यापेक्षा थोडा लहान. तो वर आला. "काय भाऊ, सोनं पुरल्यालं का? आमाला बी वाटा द्या."

"चांदी हाये. आन् वाटा न्हाई."

"तुमचा तो तांब्या गावतोय का बगा," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. माझाच विनोद, मी त्याला कितीदा ऐकवलेला. मीही हसलो.

चूल घराच्या ईशान्येला होती. तीन दगड तिरके झालेले, पण जागेवर. मी कुदळ घातली. वीतभर कोरडा गाळ, मग ओली काळी माती आणि तिला कुजका वास. लेक म्हणाली, हळू. मी हातानं उकरायला लागलो. पत्र्याचं काही लागेना, गंजाचा लाल डागसुद्धा नाही. हातभर झालं. म्हटलं डबा विरघळला आणि वाळे मातीत कुठं गेले असतील ते गेले.

आणि मग बोटांना गोल काही लागलं.

गोल, थंड, जड. डबा चौकोनी होता. मी दोन्ही हात घालून वर ओढलं. काळपट हिरवा तांब्या. तोंडावर पितळी वाटी उलटी बसवलेली आणि कडेनं मेण भरलेलं, रानातल्या पोळ्याचं मेण, ती आणायची तसलं. काठाखाली एका बाजूला पोचा. तो पोचा माझा. लग्नाच्या वर्षी बैलानं ढुशी दिली तेव्हा माझ्या हातून दगडावर पडला होता.

मासेवाला बघत होता. तो हसायचा थांबला. "आयला," तो हळूच म्हणाला, "ह्यो तर त्योच."

लेकीनं वाटी काढली. मेण एका बाजूनं सुटलं होतं, आत पाणी गेलं होतं. तिनं तांब्या कलता केला आणि तिच्या तळहातावर दोन काळे गोल पडले. कोळशासारखे काळे. पण पुरे. एक घुंगरू नव्हतं तुटलं.

मी तिथं गाळात बसून मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. शिवी होती, स्वतःलाच.

मी रानात गेलो आणि ती चूल सारवायला बसली, असं मी वर लिहिलंय. तीस वर्षांहून जास्त काळ ते वाक्य माझ्या डोक्यात होतं, पण त्याचा अर्थ नव्हता. तिनं त्या दुपारी डबा उकरून काढला, वाळे तांब्यात घातले, मेण लावलं, पुरलं आणि वरून सारवून घेतलं. ओल्या सारवणाखाली मला काय दिसणार? मग मला काहीतरी सांगायला पाहिजे म्हणून तांब्या ओढ्यात सोडला, नुसता तोंडानं.

"मला सांगितलं का न्हाई?" मी लेकीला विचारलं, जसं काही तिनंच केलं होतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही उकरून तांब्या काढून घेतला असता."

"घेतला असता," मी म्हणालो. खरं ते खरं.

आणि बायको मला विचारत होती, तांबं बी? मी म्हणालो, तांबं बी. माझ्यावर विश्वास ठेवून ती गप्प झाली. पाण्यातलं कळणारा माणूस घरात होता ना.

घरी आलो तर आधी फळीवरचा तिचा मिसरीचा डबा काढला. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. झाकणावरचा पोपट पुसून गेला होता, नुसती चोच राहिली होती. आणि झाकणाच्या कडेला चारपाच ठोके. माझेच. तीस वर्षं ती माझ्यासमोर त्या डब्यातून मिसरी घेऊन दात घासत होती आणि मी तिला तांब्यावरून बोलत होतो. तसले डबे घरोघरी असतात म्हणून मी कधी नीट बघितलं नाही.

लेक म्हणाली, रडायचं नंतर, आधी जर्मनचं पातेलं द्या. पाणी खळाखळा उकळलं, त्यात तिनं मीठ आणि खायचा सोडा टाकला आणि वाळे पातेल्याच्या बुडाला टेकतील असे सोडले. पाणी फसफसून वर आलं. वाफ उठली आणि वाफेला सडक्या अंड्यासारखा वास. मी नाक दाबून वाकून बघत होतो. ती म्हणाली, चांदीला पाण्यानं काही केलेलं नाही, गाळातल्या गंधकानं काळी केली. आता पातेलं तिचं काळं स्वतःवर घेईल.

आणि घेतलं हो! माझ्या डोळ्यांदेखत! आधी एका कडेला पांढरं दिसलं, मग ते सरकत सरकत गोल फिरलं, आणि पातेल्याचं बूड तिथं काळवंडलं. लेकीनं पळीनं वाळे बाहेर काढले, पुसले, आणि ते पांढरे फट्ट! वाजवून बघितले तर वाजले. इवलासा आवाज. मी तो आवाज त्या तीन महिन्यांनंतर ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या चिंचेनं घासला आणि पिशवीत घालून निघालो. ज्यांच्या ज्यांच्यापुढं मी तो विनोद केला होता त्यांच्या घरी गेलो. लेकीचे सासरे, चहाच्या टपरीवाला, सोसायटीतला कारकून. तांब्या पुढं ठेवायचा आणि सांगायचं, "माझ्या बायकोनं हरवला नव्हता. मी येडझवा व्हतो." काहींना आठवतही नव्हतं, त्यांना आधी विनोद सांगावा लागला. एसटीच्या कंडक्टरला उगाचच सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तिकीट घ्या." पण खुशीत मी त्यालाही तांब्या वाजवून दाखवला.

लेकीला वाटलं, आता मी त्यातून पाणी पिणार. तिनं भरून ठेवला सुद्धा. मी पाणी ओतून दिलं, तांब्या पुसून कोरडा केला आणि वाळे आत टाकले.

"पुन्हा पुरणार, दादा? इतक्या कष्टानं काढले ते?"

"थोरलीला तिच्या आईनं दिलाय त्यो. मी कोण काढून घेनारा?"

ती म्हणाली, "मग मेण नीट लावा. आणि मला एकदा हातात घेऊ द्या."

तिनं घेतले, अंगठ्यात घालून बघितले, परत दिले. मागच्या पडवीत आमची अंघोळीच्या पाण्याची चूल आहे. तिच्या बुडाशी हातभर खणलं, तांब्या ठेवला, माती लोटली आणि वरून मी स्वतः सारवलं. मला सारवता येत नाही, बोटांच्या रेघा वाकड्या आल्या. वाळायची वाट बघायला पाहिजे होती. पण मला दम निघेना. मी ओल्यावरच जाळ घातला आणि पातेलं चढवलं, आणि पाणी तापायच्या आधी त्या ओल्या सारवणातूनच वाफ निघायला लागली.